धोका दिसत होता, मग जबाबदार कोण?

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघाले की तासाभराच्या आत बुटीबोरी येते. एमआयडीसीची ही वसाहत विस्ताराने देशातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. पॉलिस्टरचा धागा, टायर, विजेच्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे, कापड, पोलादाच्या वस्तू असे बरेच काही इथे तयार होते. सकाळची पाळी सुरू होताना गेटवर जी माणसे दिसतात, त्यांत आसपासच्या गावांतले तरुण असतात आणि दूरच्या राज्यांतून ठेकेदाराबरोबर आलेलेही असतात. दिवसाचे आठ तास, पुष्कळदा त्याहून जास्त, त्यांचे हात फिरत्या रोलरपासून, तापलेल्या धातूपासून किंवा प्रेसच्या डायपासून काही इंचांवर असतात.

अशा ठिकाणी कुणाची बोटे गेली, हात सापडला, कुणी उंचावरून पडले की जखमी माणूस दवाखान्यात पोचायच्या आत एक वाक्य ऐकू येते: ‘मशीन चालू होती, त्याला दिसत नव्हते का?’ सुपरवायझर ते म्हणतो, ठेकेदार म्हणतो, कधी सोबतचे कामगारही म्हणतात. हळूहळू जखमी माणसाच्या घरच्यांनाही ते पटते आणि ते हक्क मागायला जातच नाहीत. त्या वाक्यावर कायद्याचे म्हणणे काय आहे, हे या प्रकरणात पाहायचे आहे. उत्तर आधीच सांगतो. धोका दिसणे म्हणजे धोका पत्करणे नव्हे. कामावर झालेल्या इजेची भरपाई मिळण्यासाठी मालकाची चूक शोधून काढण्याची अटही कायद्यात नाही.

खाटकाची गाडी आणि क्रेनखालचा कामगार

कायदा पहिल्यापासून असा नव्हता. इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला गाजला. एका खाटकाकडे कामाला असलेल्या मुलाची मांडी जास्त माल भरलेली गाडी मोडल्यामुळे फ्रॅक्चर झाली. त्याने मालकावर दावा केला. लॉर्ड अबिंजर यांच्या न्यायालयाने तो फेटाळला. नोकराला धोका मालकाइतकाच कळू शकतो, नको असेल तर त्याने काम नाकारावे, असा त्यामागचा विचार होता. यातून पुढे दोन भिंती उभ्या राहिल्या. पहिली अशी की, सहकाऱ्याच्या चुकीमुळे इजा झाली तर मालक जबाबदार नाही. दुसरी अशी की, धोका माहीत असून जो काम करतो त्याने तो स्वखुशीने पत्करला असे समजावे. कारखान्यातला बहुतेक प्रत्येक अपघात या दोहोंपैकी एका भिंतीवर आपटत असे. यंत्रावर सहकारी असतातच आणि यंत्राचा धोका दिसतोच.

दुसऱ्या भिंतीला तडा गेला १८९१ मध्ये, स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात. रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याच्या कामावर एक मजूर छिद्रे पाडत होता. क्रेन दगड उचलून अधूनमधून त्याच्या डोक्यावरून नेत असे आणि त्याची सूचना दिली जात नसे. एक दगड पडून तो जखमी झाला. धोका त्याला माहीत होता, हे त्याने नाकारले नाही. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने कौल दिला. धोका माहीत असणे वेगळे आणि मालकाच्या हयगयीचे परिणाम सोसायला संमती देणे वेगळे, हे या निकालाने कायम केले. ज्याच्या घरची चूल त्या मजुरीवर पेटते, तो कामावर येत राहिला एवढ्यावरून त्याची संमती सिद्ध होत नाही.

लोखंडे, एम्प्रेस मिल आणि रुक्मिणीबाई

आपल्याकडे ही मागणी न्यायालयाआधी कामगारांनी केली. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या आज सर्वांना आठवतात. त्याच अर्जात आणखी एक कलम होते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. भरपाईचा पहिला कायदा यायला त्यानंतर ३९ वर्षे लागली.

नागपूरचाही या इतिहासात वाटा आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कायद्याची सक्ती नसताना १८९५ पासून त्या गिरणीत अपघाताची भरपाई दिली जाऊ लागली. उद्योग चालवून भरपाई देता येते, हे विदर्भाच्या भूमीवर तेव्हाच दिसून आले होते.

दुसरी घटना १९३७ सालची आहे आणि ती कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवली जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा एक कर्मचारी सहकाऱ्याच्या हयगयीमुळे मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाईसाठी दावा केला आणि तो ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुक्मिणीबाई’ या नावाने नागपूर उच्च न्यायालयापुढे आला. इंग्लंडचा तेव्हाचा नियम लावला असता तर दावा तिथेच संपला असता, कारण चूक सहकाऱ्याची होती. मुख्य न्यायाधीश स्टोन यांनी तो नियम लावायला नकार दिला. न्याय, समता आणि सद्सद्विवेक या कसोटीवर जो नियम उतरत नाही, तो केवळ इंग्लंडचा आहे म्हणून इथे आणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. इंग्लंडने स्वतः तो नियम १९४८ मध्ये रद्द केला. नागपूरने तो ११ वर्षे आधी नाकारला होता.

पुढच्याच वर्षी, १९३८ साली, मालकाच्या दायित्वाचा कायदा झाला. धोका कामगाराला पूर्णपणे समजावून सांगितला होता, त्याला तो समजला होता आणि त्याने तो आपखुशीने पत्करला होता, हे मालकाने सिद्ध केल्याशिवाय कामगाराने धोका पत्करला असे मानू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. सिद्ध करण्याचे ओझे मालकाकडे आले.

चूक कुणाची, हा प्रश्नच बाजूला

यापेक्षा मोठा बदल १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने केला होता. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या कलम ३ मध्ये हयगयीचा मुद्दाच नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवले की मालकाची जबाबदारी सुरू होते. त्याने सगळी काळजी घेतली होती, यंत्र नवे होते, प्रशिक्षण दिले होते, या गोष्टींनी ती टळत नाही. त्या बदल्यात रक्कम ठरावीक कोष्टकानुसार मिळते. दिवाणी दाव्यात मिळू शकणारी मोठी रक्कम इथे नसते. अनिश्चित मोठ्या रकमेऐवजी निश्चित आणि लवकर मिळणारी रक्कम, हा या कायद्यातला सौदा आहे.

भरपाई नाकारण्याची कारणे मोजकी आहेत. तीन दिवसांच्या आत भरून येणाऱ्या इजेला भरपाई नाही. त्याखेरीज तीन परिस्थिती आहेत: अपघात थेट दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलामुळे झाला, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश किंवा नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन त्याने जाणूनबुजून काढले वा दुर्लक्षिले. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. लक्ष विचलित होणे, घाई, थकवा, अंदाज चुकणे यांना जाणूनबुजून केलेली अवज्ञा म्हणता येत नाही. आणि कामगाराचा मृत्यू झाला असेल किंवा तो कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर या तिन्ही सबबी मालकाला वापरताच येत नाहीत. कामगार प्यायलेला होता म्हणून विधवेला काही मिळणार नाही, असे तिला कुणी सांगत असेल तर ते कायद्याला धरून नाही.

गार्ड कुणी काढला?

दिसणाऱ्या धोक्याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण म्हणजे पॉवर प्रेस. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पेडल दाबायचे, वरचा भाग खाली येतो, तुकडा काढायचा, पुढचा ठेवायचा. मिनिटाला १० ठोके धरले तर आठ तासांत ४,८०० ठोके होतात. म्हणजे ४,८०० वेळा हात डायखाली जातो आणि बाहेर येतो. ४,७९९ वेळा सावध राहिलेल्या माणसाचे एकदा लक्ष चुकणे ही माणसाच्या मेंदूची मर्यादा आहे. त्याला ‘लक्ष दे’ म्हणून हा अपघात टळत नाही. म्हणून प्रेसला दोन्ही हातांनी एकदम बटणे दाबल्याशिवाय न चालणारी यंत्रणा बसवतात, हात आत असताना ठोका थांबवणारा प्रकाशाचा पडदा लावतात किंवा डायभोवती गार्ड बसवतात. हात पोचूच नये अशी रचना करणे हा सुरक्षेचा खरा मार्ग आहे. सूचनांचे फलक आणि हातमोजे हा शेवटचा आधार आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राचे धोकादायक भाग भक्कम कुंपणाने झाकून ठेवण्याचे बंधन कलम २१ मध्ये घातले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कलम ७-ए आले आणि कामगारांची सुरक्षितता व आरोग्य राखण्याचे सर्वसाधारण कर्तव्यही कारखानदारावर आले. धोका जितका उघड, तितके हे कर्तव्य ठळक होते. जो धोका रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसेल, तो कारखानदाराला दिसला नाही असे तो म्हणू शकत नाही. ‘त्याला दिसत नव्हते का?’ हा प्रश्न म्हणूनच उलटून मालकाकडे जातो. तुम्हाला दिसत होते, तर ते झाकले का नाही?

गार्ड काढलेला आढळला की दोष कामगारावर टाकला जातो. तेव्हा काही साधे प्रश्न विचारावेत. गार्ड किती दिवसांपासून नव्हता? सुपरवायझर रोज तिथून जात होता का? गार्ड लावून ठरलेले उत्पादन पाळीत पूर्ण होत होते का? सेन्सर बायपास कुणाच्या सांगण्यावरून केला? महिनोन्‌महिने सर्वांच्या डोळ्यांदेखत गार्डशिवाय चाललेले यंत्र ही कारखान्याची पद्धत झालेली असते. तिचे खापर एकट्या कामगारावर फोडणे न्यायाला धरून नाही. कामगारावरही जबाबदारी आहे. सुरक्षेच्या साधनांशी मुद्दाम छेडछाड करू नये, असे कायदा त्यालाही बजावतो. पण ही जबाबदारी मालकाच्या जबाबदारीला पूरक आहे, तिची जागा ती घेत नाही.

हाताची किंमत कशी काढतात

भरपाईची रक्कम तीन गोष्टींवर ठरते: पगार, वय आणि कमावण्याची गेलेली क्षमता. २०२० पासून गणनेसाठी मासिक पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. वयानुसार एक गुणक असतो. ३० वर्षांसाठी तो २०७.९८ आणि ५० वर्षांसाठी १५३.०९ आहे. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या ६० टक्के गुणिले गुणक.

समजा कामगाराचे वय ३० आणि पगार १५,००० आहे. मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. पूर्ण अपंगत्वाची ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. अपंगत्व अंशतः असेल तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले टक्के लागतात. एका हाताचा पंजा गेला तर ६० टक्के, म्हणजे ११,२३,०९२ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो.

मात्र अनुसूचीतले टक्के हा शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे १९७५ मध्ये एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची क्षमता १०० टक्के गेली, हा भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांचा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही याच निकालाने ठरवले. एका महिन्यात ती दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते. विनाकारण टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

विम्याचे कार्ड आणि ठेकेदार

बुटीबोरीतल्या बहुसंख्य कामगारांना मात्र वेगळी वाट आहे, ती ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची. या योजनेचा आराखडा प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ च्या अहवालात मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९५४ साली योजना नागपुरात आली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ती लागू आहे. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के.

ईएसआयसीच्या कामगाराला कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचे अपंगत्व आले तर गेलेल्या क्षमतेच्या प्रमाणात निवृत्तिवेतनासारखी दरमहा रक्कम मिळते आणि मृत्यू झाला तर अवलंबितांना. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी हा हक्क आहे. मालकाने वर्गणी भरलेली नसली तरी कामगाराचा हक्क बुडत नाही, ती रक्कम महामंडळ मालकाकडून वसूल करते. एखाद्या नियमाविरुद्ध वागून पण मालकाच्या कामासाठीच काही करताना अपघात झाला, तर तोही कामावरचा अपघात धरला जातो. दिसणाऱ्या धोक्याची सबब इथे आणखी दुबळी होते. फक्त हे लक्षात ठेवावे की ईएसआयसीचा लाभ असलेल्याला नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही.

ठेकेदारी कामगारांना ‘तू आमचा माणूसच नाहीस’ असे कंपनी सांगते आणि ठेकेदार फोन उचलत नाही. याची पूर्वकल्पना १९२३ च्या कायद्यालाही होती. कलम १२ प्रमाणे ज्याच्या धंद्याचे काम ठेक्याने चालले आहे, तो मुख्य मालक भरपाई द्यायला बांधील आहे. पैसे ठेकेदाराकडून नंतर वसूल करणे हा त्याचा प्रश्न आहे, जखमी कामगाराचा नाही.

कामावर जाण्याची वाट

पहाटेच्या पाळीला दुचाकीवरून निघालेला माणूस महामार्गावर अपघातात गेला, तर तो कामावरचा अपघात का? १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्टच्या एका चालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामाची हद्द गेटपाशी संपत नाही, असा अर्थ लावला होता. काम संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना तो चालक अपघातात गेला होता. २०१० मध्ये ईएसआय कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आली. मग २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाला न्याय दिला. २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर त्याचा अपघाती मृत्यू झाला होता. घर ते कामाची जागा हा प्रवास, वेळ आणि परिस्थिती कामाशी जुळत असेल, तर १९२३ च्या कायद्याखालीही कामाचाच भाग धरला जाईल, असे न्यायालयाने ठरवले. त्या कुटुंबाला २२ वर्षे थांबावे लागले.

नव्या संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि वर सांगितलेले बहुतेक कायदे त्यांत विलीन झाले. भरपाईचा गाभा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात तसाच आहे आणि ये-जा करतानाचा अपघातही त्यात आला आहे. कामावरील सुरक्षिततेच्या संहितेत एक नवी गोष्ट आहे. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या दंडाचा किमान निम्मा भाग मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. नेमणूकपत्र देणेही आता बंधनकारक आहे. ठेक्यावर राबणाऱ्याच्या हातात हा कागद असणे फार मोलाचे आहे.

तुमच्या घरात असे झाले तर

आधी उपचार. दवाखान्यात ‘कारखान्यात, मशीनवर इजा’ असे केसपेपरवर लिहून घ्या, ‘घरी पडला’ असे लिहू देऊ नका. अपघाताची लेखी सूचना कारखान्याला द्या आणि पोच ठेवा. यंत्राचे, गार्डच्या जागेचे फोटो आणि सोबत्यांची नावे लगेच जमवा. हजेरीचा पुरावा, गेटपास, पगार बँकेत आल्याची नोंद, ईएसआयसीचा क्रमांक एकत्र ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा ‘सगळे पैसे मिळाले, तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते, परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई मानली जात नाही. नागपूर विभागात असे दावे कामगार न्यायालयात चालत आले आहेत. १९२३ च्या कायद्याने दाव्याला दोन वर्षांची मुदत ठेवली होती. मुदत संपण्याची वाट पाहू नका, पहिल्याच महिन्यात वकील किंवा कामगार संघटना गाठा.

आणि ‘त्याला दिसत नव्हते का?’ असे कुणी विचारले, तर मान खाली घालू नका. धोका त्याला दिसत होता आणि मालकालाही दिसत होता. तो दूर करण्याचा अधिकार आणि पैसा मालकाकडे होता, म्हणून जबाबदारीही त्याचीच आहे.